पंधराव्या सेकंदानंतर

त्या शनिवारी मी स्टेडियमवर गेले ती फक्त बॅटऱ्या बदलायला. सप्टेंबर होता. शुगर लँड या अमेरिकी उपनगरातल्या घरून निघतानाच हवा ओल्या टॉवेलसारखी अंगाला चिकटत होती. पाऊण तासाचा ड्राइव्ह, अर्ध्या तासाचं काम आणि येताना भाजी, एवढाच बेत.

मी मूळची नागपूरची, इलेक्ट्रॉनिक्स इंजिनियर. इथल्या एका व्यावसायिक फुटबॉल टीमचे रेडिओ सांभाळते. अमेरिकन फुटबॉल, लांबट चेंडूचा. त्यात क्वार्टरबॅक म्हणजे टीमचं डोकं. प्रत्येक चालीत चेंडू आधी त्याच्या हातात येतो. कोच त्याच्याशी रेडिओवरून बोलतो, पण चाल सुरू व्हायला पंधरा सेकंद उरले की यंत्र आपोआप लाइन तोडतं. कट् असा बारीक आवाज होतो आणि पुढे शांतता. नियमच आहे तसा.

मैदानात क्वार्टरबॅक एकच असतो. दुसरा पूर्ण तयारीनिशी, हेडसेट लावून कडेला उभा. आमचा दुसरा म्हणजे वेस हार्लन. चौतीस वर्षांचा. अकरा वर्षांत पाच टीम झाल्या आणि मोजून तीन सामने खेळायला मिळाले. सरावाला सगळ्यांच्या आधी यायचा, पहिल्या क्रमांकाच्या पोराला सगळं शिकवायचा, आणि सामन्याच्या दिवशी उभा राहायचा. नुसता उभा.

रेडिओच्या खोलीत शिरले तर दिवा बंद. घामाने आंबलेल्या फोमचा आणि मलमाचा वास. कोपऱ्यातल्या स्टुलावर वेस बसला होता.

"हिमानी, माझ्या हेडसेटमधून आवाज काढून टाकता येईल?"

"म्यूट करायचंय?"

"म्यूट करून बघितलं." तो जमिनीकडे बघत होता. "लाइन तुटते ना, त्यानंतर कुणीतरी श्वास घेतं. मग म्हणतं... तयार राहा. आमच्या गावाकडच्या बोलीत. अकरा वर्षांत तीनदा ऐकलंय. पहिल्या वेळी आमच्या क्वार्टरबॅकचा गुडघा गेला. दुसऱ्या वेळी खांदा. तिसऱ्याची मान... तो अजून व्हीलचेअरवर आहे."

मी दिवा लावला.

"आणि तिन्ही वेळा मी पळत मैदानात उतरलो. आनंद झाला होता मला. दुसऱ्या नंबरच्या माणसाने मागायचं तरी काय? पहिला पडल्याशिवाय माझा दिवस उगवतच नाही." त्याने तळहात पँटवर पुसले. "काल सरावात तो आवाज पुन्हा आला."

पहिल्या क्रमांकावर होता ट्रे. चोवीस वर्षांचा. त्याच्या बायकोला नववा महिना लागला होता.

तेवढ्यात माझे चीफ, सत्यजितदादा, कॉफी घेऊन आले. पक्के पुणेकर. मी सगळं सांगितल्यावर म्हणाले, "इंटरफिअरन्स आहे यार. हायवेवरच्या ट्रकवाल्यांचा रेडिओ घुसत असेल." त्यांनी हेडसेट उघडला, रिसीव्हर बदलला आणि ते निघून गेले.

मला राहवलं नाही. मी दोन्ही बॅटऱ्या काढून टेबलावर ठेवल्या आणि मेलेला हेडसेट वेसच्या हातात दिला. त्याने तो कानाला लावला. एसीची घरघर तेवढी चालू होती. मी त्याच्या गळ्याकडे बघत होते. बऱ्याच वेळाने गळ्यातली घाटी एकदा वर गेली आणि तिथेच थांबली.

त्याने हेडसेट काढून अलगद खाली ठेवला.

"आता तर कट्सुद्धा झालं नाही..." तो म्हणाला.

रविवारी दुपारी सामना. सत्तर हजार माणसं. वॉर्मअपमध्ये वेस चार पावलं पळाला आणि डावी पोटरी धरून खाली बसला. ट्रेनर धावले. त्याला आधार देऊन नेताना तो माझ्याजवळ क्षणभर थांबला आणि पुटपुटला, "काही झालेलं नाही. नाटक आहे. पण मी दुसरा नसलोच, तर तयार कुणी राहायचं?"

त्याच्या जागी तिसऱ्या क्रमांकाचा खेळाडू उभा केला. वेसचा बॅटऱ्या काढलेला हेडसेट मी ड्रॉवरमध्ये कुलूप लावून ठेवला होता.

ते तीन तास कसे गेले सांगता येत नाही. ट्रेवर कुणी झेपावलं की माझी नखं तळहातात रुतायची. तिसऱ्या भागात तिघांनी मिळून त्याला असं आदळलं की सगळं स्टेडियम गप्प झालं. ढिगाखालून त्याचा एकच बूट दिसत होता. हलत नव्हता. मी मनात देवाचं नाव घेतलं... आणि ट्रे उठला. अंगावरचं गवत झटकलं. आम्ही जिंकलो.

वेस पोटरीवर बर्फ धरून लहान मुलासारखा हसत होता. अकरा वर्षांत मी जिंकलेला हा एकच सामना, म्हणाला.

सोमवारी नियमाप्रमाणे त्याचं स्कॅन झालं. डॉक्टरांनी विचारलं, तू इथपर्यंत चालत कसा आलास? पोटरीचा स्नायू आडवा, या टोकापासून त्या टोकापर्यंत फाटला होता.

"मला दुखत नाहीये, हिमानी," फोनवर त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता. "मी खोटं बोललो होतो. खोटं..."

चौतिसाव्या वर्षी एवढी दुखापत म्हणजे करिअर संपलं. आठवड्याभरात तो सामान बांधून गावी गेला.

त्याच सोमवारी दुपारी मी सामन्याचं रेकॉर्डिंग उघडलं. प्रत्येक हेडसेटची वेगळी फाइल असते. वेसचा हेडसेट ड्रॉवरमध्ये होता, तरी त्याच्या नावाची फाइल होती. दोन सेकंदांची. मी ती लावली. आधी श्वास. मग अगदी कानाशी, नागपूरला आमच्या घरी बोलतात त्या बोलीत, "तयार राहजो."

सत्यजितदादांना ऐकवलं. डोळे मिटून त्यांनी दोनदा ऐकलं. "काहीच नाही ग. नुसती खरखर आहे." हेडफोन ठेवून त्यांनी उंचावर चढताना बांधायचा कमरेचा पट्टा उचलला. छताखालच्या जाळीवर चढून अँटेना बघायचा होता.

ते चीफ. मी त्यांची असिस्टंट. दुसरी.

ते दारापर्यंत पोचले. खरं सांगू? मी लगेच हाक मारली नाही. एक क्षण मध्ये गेला. त्या क्षणात माझ्या मनात काय आलं, ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

"दादा... आज नका चढू."

"का ग?"

"नका ना. प्लीज."

मी जाऊन त्यांच्या हातातून पट्टा अक्षरशः ओढून घेतला. माझा चेहरा बघून ते हसायचे थांबले. "बरं बाई, कॅन्सल केलं. बास?"

त्याला आता तीन आठवडे झाले. दादा ठणठणीत आहेत. ट्रेला मुलगी झाली. मीही ठीक आहे, म्हणजे अजून तरी.

फक्त ती फाइल. मी तिला हात लावलेला नाही, खोलीची किल्लीही माझ्याकडेच असते. त्या सोमवारी ती दोन सेकंदांची होती. काल सहज नजर गेली, तर अकरा सेकंदांची झाली आहे.

पुढचे नऊ सेकंद मी अजून ऐकलेले नाहीत.