डुगडुगतं स्टूल आणि आजोबांचं बॉनेट

मामाची ही खोड जुनीच! आपलं काही चुकलं, की घरातलं सगळ्यात लहान माणूस शोधायचं आणि खापर त्याच्या डोक्यावर फोडायचं. या सुट्टीत ते डोकं होतं ढब्ब्याचं.

"हाच नाचला असणार बॉनेटवर! म्हणून वाकलं!" मामा गॅरेजभर ओरडत होता.

"मी हातसुद्धा लावला नाही!" ढब्ब्याचे डोळे भरून आले. ते बघून त्याच्या ताईचं, भिंगरीचं, डोकंच फिरलं.

आजोबांची जुनी मोटार मामाने पार खोलून, रंगवून पुन्हा जोडली होती. राहिलं होतं फक्त बॉनेट. आजोबांनी स्वतः पत्रा ठोकून घडवलेलं! त्याची पुढची कड रेडिएटरवर टेकायची, मागची काचेखाली. पण आता डावीकडे पत्र्याला पत्रा घासत होता अन् उजवीकडे बोट जाईल एवढी फट!

"जेवून येतो आणि ग्राइंडरने डावी कड उडवूनच टाकतो!" असं म्हणून मामा तरातरा निघून गेला.

"आजोबांचं बॉनेट कापणार? चष्मिस, तुझे बाबा असे कसे गं?"

"मला काय विचारतेस? मी निवडून नाही आणले!" मामाची मुलगी फणकारली.

"ढब्ब्या, ग्राइंडरचा प्लग काढ आणि त्यावर बस. आभाळ कोसळलं तरी उठायचं नाही!" भिंगरीने फर्मावलं.

दोघींनी बॉनेट अलगद उचलून गोधडीवर ठेवलं. भिंगरीने पत्र्यावरून हात फिरवला. कुठे पोचा नाही की सुरकुती नाही! मग चष्मिसने दोरीला नट बांधून लोंबता सोडला. काचेच्या चौकटीशी धरला तर दोरी आणि चौकट अगदी समांतर. रेडिएटरच्या टोपणापासून सोडला, तर नट तळाच्या मधोमध न येता डावीकडे!

"अगं, बॉनेट सरळच आहे! हा रेडिएटरच डावीकडे मान टाकून उभा आहे!"

भिंगरी टॉर्च घेऊन खाली सरपटली. रेडिएटरच्या उजव्या पायाखाली रबराचे दोन चौकोनी तुकडे होते. डाव्या पायाखाली काहीच नव्हतं!

"मग डावीकडचे गेले कुठे?"

"ताई," ढब्ब्या प्लगवरूनच म्हणाला, "मामाचं स्टूल आता डुगडुगत नाही. मला झोकेच घेता येत नाहीत!"

दोघींनी एकदमच स्टुलाकडे बघितलं. आखूड पायाखाली रबराचे दोन चौकोनी तुकडे!

तेवढ्यात मामा आला. "प्लग कुठाय? ऊठ रे!"

"नाही उठणार!"

"थांबा मामा!" भिंगरी आडवी आली. "बॉनेटवर नाचला म्हणता, तर पोचा दाखवा आधी! आणि स्टुलाखाली हे काय आहे?"

मामाने वाकून बघितलं आणि त्याचा चेहरा पडला. "ते... जोडताना बसायला बरं पडावं म्हणून घेतले होते. नंतर परत लावायचे राहिले..."

"आणि रागवलात माझ्या भावाला!"

मामाने मुकाट्याने बोल्ट सैल केले, रबर जागेवर सरकवलं. तो बोल्ट आवळायला लागला तशी चष्मिस ओरडली, "आधी बॉनेट टाका, फट बघा, मग आवळा!" मुलींनी बॉनेट धरलं. थोडं पुढे, केसभर उजवीकडे... टक्! दोन्हीकडची फट एकसारखी!

"वा गं माझ्या वाघिणींनो!" दारातून आजीचा आवाज आला. ती केव्हाची पदर खोचून उभी होती. "आणि तू रे ढब्ब्या, पठ्ठ्या, जागा सोडली नाहीस! तुझे आजोबा असते तर तिघांना पहिली फेरी मारून आणली असती."

मग ती लेकाकडे वळली. मामाने मान खाली घातली.

"बॉनेट बसलं, आता तूही बस. त्याच डुगडुगत्या स्टुलावर! आणि या लेकराची माफी मागितल्याशिवाय उठलास, तर गाठ माझ्याशी आहे!"