कोरड्या विहिरीवरची लाईन

"मॅडम, म्या माह्या बायकोले मारलं का नाही, थे येऊन पाहून सांगा."

फोनवरचा माणूस रडत नव्हता. प्यालेलाही वाटत नव्हता. बँकेत पासबुक भरून मागावं तितक्या साध्या आवाजात बोलत होता. नाव शंकरराव, गाव धामणगाव बढे, बायको जनकाबाई. वावरातल्या विहिरीवर शॉक लागून ती गेली होती.

रुबिना बुलढाण्यात विद्युत निरीक्षक होती. कुठं विजेनं माणूस मेला की तो कोणाच्या चुकीनं मेला, हे ठरवायचं तिचं काम. या नोकरीत तिला फोन पुष्कळ येत, आणि सगळ्यांचं म्हणणं एकच, चूक आमची नाही असं लिहा. माझी चूक आहे का, असं विचारणारा हा पहिलाच. तिनं चहा अर्धा टाकला आणि गाडी काढायला सांगितली.

बोंडअळीनं बीटी कपाशी पोखरली तो हिवाळा. मोताळ्यापासून पुढं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं, उभी होती आणि त्यांच्यावर बोंडं तशीच सडत होती. कोणी वेचायला तयार नव्हतं, वेचून करायचं काय. ज्याला जमलं तो पऱ्हाट्या उपटून चुलीपुरत्या घरी नेत होता.

शंकररावांच्या अंगणात जनकाबाई गेल्यानंतरच्या जलदानविधीचा मांडव अजून सोडला नव्हता. ते एकटेच खुर्चीवर बसले होते. पोलीस ठाण्याचा जमादार आधीच येऊन थांबला होता.

"सरळ केस आहे मॅडम," जमादार म्हणाला. "विहीर आटली तशी यांनी मोटर काढून घरी आणली. विहिरीवरच्या पेटीतले फ्यूज मात्र काढले नाहीत. मोटरची सुटी वायर आत लोंबत होती, ती पत्र्याला टेकली. बाईंनी पेटीला हात लावला, संपलं."

"तुम्ही पाहिले फ्यूज?"

"मीच काढले त्या दिवशी. पेटीला सील मारलंय."

रुबिनानं शंकररावांकडं वळून विचारलं, "बाबा, मोटर काढून किती झालं?"

"दोन पाणकळे झाले."

"दोन पावसाळे. तेव्हा फ्यूज काढले होते?"

"काढले होते असं वाटते. सारं गाव म्हणते नाही काढले. आता मलेही आठवत नाही." त्यांनी हात चोळले. "इतकंच सांगा मॅडम. फ्यूज म्या ठेवले का नाही? ठेवले असन तं ठेवले. पण मले समजलं पायजे. रातभर तेच चालते डोक्यात."

तेवढ्यात पाण्याचा तांब्या घेऊन त्यांचा मुलगा दयाराम आला. पंचविशीचा, दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. घरात आता हे दोघेच उरले होते. बापाजवळ तो उकिडवा बसला आणि हलकेच म्हणाला, "बाबा, जाऊ द्या ना आता. चूक माणसाच्याच हातून होते. तुमाले कोणी काही म्हणून राह्यलं का?"

"कोणी म्हणत नाही, तेच तं खाते मले," शंकरराव म्हणाले.

वावर गावापासून जवळच. विहिरीत वाकून पाहिलं तर तळाला भेगा आणि एक फुटकी बादली. काठावर पत्र्याची पेटी, तिच्या पायाशी पऱ्हाट्यांचा मोठा ढीग, आणि बांधाच्या, धुऱ्याच्या पलीकडं लांबलचक पांढरं कंपाउंड. आत महादेवरावांचा बंगला. महादेवराव म्हणजे तालुक्यातले बियाण्याचे मोठे व्यापारी. अर्ध्या शिवारानं पेरलेली बीटीची पाकिटं त्यांच्याच दुकानातली. त्यांच्या बंगल्यात पोहण्याचा तलाव आहे, हे जमादारानं विचारल्याशिवाय सांगितलं.

रुबिनानं सील तोडून पेटी उघडली. कोपऱ्यात कोळ्याची जाळी, धूळ, आणि फ्यूज बसतात त्या खाचांभोवती कुंभारीण माशीनं बांधलेलं मातीचं घर. घर मधोमध फुटलेलं होतं. मातीचा भुगा खाली पडला होता, त्यावर धूळ नव्हती.

"काढलेले फ्यूज दाखवा."

जमादारानं पिशवीतून तिन्ही काढले. पांढरे स्वच्छ, त्यांतली तार चकचकीत. रुबिनानं ते उलटसुलट करून पाहिले आणि परत दिले.

शेजारच्या वावरात सरस्वतीबाई पऱ्हाट्या उपटत होत्या. त्या दिवशीही तिथंच होत्या. रुबिना धुऱ्यावर बसली, तशा त्याही कंबर धरून बसल्या.

"काय झालं होतं मावशी?"

"काय होणार बाई. जनका जळतण न्याले आल्ती. या ढिगापाशी वाकलेली पाह्यली म्या, मंग एकदम खाली. आमी बाया वरडलो, पान लागलं, पान लागलं."

"साप चावला असं वाटलं? का?"

"तथी साप होता ना. दयानंच सांगतलं होतं साऱ्याईले, दिवाळीपासून. पेटीपाशी नाग निंघते, कोणी जाऊ नोका. जनकाले किती डाव सांगतलं त्यानं. पण घरात जळतण नाही तं बाई काय करन? काठी घेऊन गेली."

"मग?"

"आमी तिच्याकडे धावलो. दया तिकून, बंगल्याकडून आला पयत. चांगला हुशार पोरगा, बरं का. तो आईपाशी नाही गेला, डीपीकडे पयाला आन् खटका पाडला. साऱ्या शिवाराची लाईन गेली. थो तसा डोकं लावून वागला म्हणून आमी वाचलो, नाहीतं आमी बायाही चिकटलो असतो तिले."

"दवाखान्यात कोण कोण गेलं?"

"तिले घेऊन आमी दोघी बाया आन् शंकरभाऊ जीपमधी. दया मागून आला फटफटीवर."

रुबिनानं मान हलवली. पऱ्हाट्यांच्या ढिगाकडं एकदा पाहून ती बंगल्याकडं निघाली.

महादेवराव झोपाळ्यावर बसून पेपर वाचत होते. डोक्यावर पंखा मंद फिरत होता. मृत्यूची चौकशी म्हटल्यावर त्यांनी योग्य तेवढं वाईट वाटून घेतलं. तलावाचा विषय निघाला तसे मात्र ते खुलले.

"हौस नातवंडांची हो. ती येतात मे महिन्यात. पण पाणी बारा महिने सांभाळावं लागतं. रोज मोटर चालवून गाळलं नाही तर खराब होतं. पहिल्या वर्षी बिल पाहून मला घाम फुटला."

"मग काय केलंत?"

"सगळी उपाययोजना. पाणी गरम करायचं यंत्र काढून टाकलं. वरून झाकण घेतलं, म्हणजे पाणी उडत नाही, कचरा पडत नाही. मोटरला टायमर बसवला. तरी बिल म्हणावं तसं उतरेना. मग दिवाळीपासून अर्ध्यावर आलं. सगळं दयारामनं केलं. तोच सांभाळतो तलाव."

"दिवाळीला त्यानं नवीन काय केलं?"

"ते नाही विचारलं. त्याला म्हटलं होतं, बिल खाली आण, नाहीतर मला दुसरा माणूस पाहावा लागेल. त्यानं आणलं. आपल्याला कामाशी मतलब."

त्यांनी तलाव दाखवला. निळ्या झाकणाचं एक टोक वर केलं आणि त्यांचंच नाक मुरडलं. पाणी हिरवं झालं होतं.

"मोटर बंद आहे?" रुबिनानं विचारलं.

"जनकाबाई गेली तेव्हापासून. पोरगा सुतकात, बघणार कोण?"

"टायमर तर फिरतोय."

"फिरतोय, पण मोटर उचलत नाही. बिघडली असेल."

रुबिनानं पर्समधून टेस्टर काढला. टायमरला लावला, टेस्टरचा दिवा लागला. शेजारीच मोटरचा खटका होता, त्याला लावला. दिवा लागला नाही. वर झोपाळ्यावर पंखा फिरतच होता.

"सांगितलं ना, बिघाड आहे," महादेवराव म्हणाले.

"तुम्ही माझ्याबरोबर विहिरीवर या," रुबिना म्हणाली.

विहिरीजवळ सगळे जमले. शंकरराव, दयाराम, सरस्वतीबाई, जमादार. महादेवराव चपला सांभाळत धुऱ्यावर उभे राहिले. उन्हं उतरायला लागली होती.

रुबिना आधी शंकररावांशी बोलली.

"बाबा, तुम्ही फ्यूज काढले होते. हे मी खात्रीनं सांगते. फ्यूज जागेवर असते तर कुंभारीण माशीला त्या खाचांत घर बांधायला जागाच मिळाली नसती. खाचा रिकाम्या होत्या म्हणून तिनं बांधलं. पुढं कोणीतरी नवे फ्यूज आत दाबले, तेव्हा ते घर फुटलं. फ्यूज नवे, तार नवी, भुगा ताजा."

शंकररावांनी डोळे मिटले. "म्हणजे म्या नाही," ते म्हणाले.

"तुम्ही नाही."

"पण कोरड्या विहिरीवर लाईन कोणाला पाहिजे?" जमादारानं विचारलं.

"विहिरीवर कोणालाच नको होती. शेतीच्या लाईनला मीटर नाही. जो वापरेल त्याला ती फुकटच. ज्याला मोटर रोज चालवायची आहे आणि बिल मात्र उतरवायचं आहे, त्याच्या ती कामाची. महादेवराव, तुमच्या घरात लाईट आहे, टायमरला आहे, फक्त तलावाच्या मोटरला नाही. मोटर बिघडलेली नाही, तिच्यापर्यंत लाईनच येत नाही. कारण ती तुमच्या घरातून येतच नव्हती. या पेटीला सील लागलं आणि तुमचं पाणी हिरवं झालं. जमादार, तो ढीग बाजूला करा."

जमादारानं पऱ्हाट्या ओढून टाकल्या. खालची माती भुसभुशीत होती. दोन फटके मारताच काळी केबल वर आली. तिचं एक टोक पेटीजवळ मोकळं होतं, दुसरं धुऱ्याखालून कंपाउंडकडं गेलं होतं. मोकळ्या टोकाजवळ, पेटीच्या पत्र्याच्या कडेवर घासून, केबलची साल कापली गेली होती.

"इथून पत्र्यात करंट उतरला," रुबिना म्हणाली.

सगळ्यांनी महादेवरावांकडं पाहिलं. ते एक पाऊल मागं सरले. "मॅडम, मला यातलं काही माहीत नाही. मी फक्त बिल कमी कर म्हटलं होतं."

"माहीत करून घ्यायचं नव्हतं तुम्हाला. ते मी लिहिणार आहे. पण केबल तुम्ही टाकली नाही." पुढचं बोलणं तिच्या जिवावर आलं होतं. "मावशी, जनकाबाई पडल्या तेव्हा तुम्हाला काय वाटलं?"

"साप. साऱ्याईलेच वाटलं."

"बरोबर. विहीर कोरडी, मोटर काढलेली, पेटी बंद. करंटचा विचार कोणाच्या मनात येणार? त्यात साप आहे हे सगळ्यांना पक्कं ठाऊक. ते सांगितलं कोणी? दयारामनं. आणि ज्यानं साप सांगितला तोच एकटा आईकडं न जाता डीपीकडं पळाला. दयाराम, तुला कसं कळलं रे?"

दयारामची नजर वर आलेल्या केबलवर होती.

"साप नव्हताच. या ढिगाला कोणी हात लावू नये म्हणून तू ती अफवा सोडली होतीस. मग जीप दवाखान्यात गेली आणि तू मागं राहिलास. पेटीतून केबल उपसून मातीत दाबलीस. घाईत फ्यूज काढायचे राहिले, आणि मोटरची जुनी वायरही आत तशीच लोंबत राहिली. एवढं पाहून जमादारांना सगळं सरळ वाटलं."

"दया," शंकरराव म्हणाले. "नाही म्हण बे."

दयाराम खाली बसला. ढेकूळ उचलून हातात चुरू लागला.

"वावरात तं काही राह्यलं नव्हतं बाबा. तलावाची नोकरी गेली असती तं खाल्लं काय असतं? सहा महिन्यासाठी जोडली, मंग काढून टाकणार होतो. आईले रोज सांगतलं, तिकडे जाऊ नोको. लाईन आहे असं सांगतलं असतं तं तिनं तुमाले सांगतलं असतं, आन् तुमी त्याच दिवशी तोडली असती."

"आणि बाप रोज स्वतःला खात होता, ते दिसत नव्हतं तुला?" रुबिनाचा आवाज चढला. तसा चढायला नको होता, पण चढला.

"दिसत होतं. पण म्हाताऱ्या माणसाले कोणी आत टाकत नाही. चूक झाली म्हणून सोडून देतात. मले वाटलं आमी दोघं तरी घरी राहू."

महादेवराव हळूच धुऱ्यावरून उतरून निघाले. त्यांच्यावर वीजचोरीची केस होईल, ते दंड भरतील, आणि पुढच्या हंगामात दुकान उघडंच असेल. रुबिनाला हे ठाऊक होतं. त्यांनाही होतं.

शंकरराव उठून तिच्याजवळ आले. हात जोडले.

"मॅडम, तुमचा कागद अजून कोरा आहे ना? माहं नाव लिहा. म्हातारा भुलला, फ्यूज राह्यले. सारं गाव तेच म्हणते. तुमी वेगळं काऊन लिहिता?"

"मला नाही लिहिता येणार बाबा. जमादारांनी केबल पाहिलीय. सगळ्यांनी ऐकलंय."

"तुमी माह्यासाठी आल्या होत्या."

"हो."

"मंग माह्यासाठी लिहा."

तिनं मान हलवली, नाही म्हणून. जमादारानं दयारामच्या खांद्यावर हात ठेवला. तो मुकाट उठला. बापाच्या पाया पडायला वाकला, पण शंकररावांनी पाय मागं घेतले. आणि मग त्यांनाच ते सहन झालं नाही, म्हणून त्यांनी त्याला घट्ट धरलं. जमादार दुसरीकडं पाहत उभा राहिला. शेवटी त्यालाच हात सोडवावे लागले.

दोघं गाडीकडं गेले. सरस्वतीबाई पदरानं डोळे पुसत होत्या. शंकरराव विहिरीच्या काठावर टेकले.

"बायकोले म्या नाही मारलं, हे तं समजलं," ते म्हणाले. आवाज फोनवर होता तसाच, साधा. "पण तुमाले फोन म्याच केला ना? पोराले म्याच धरून देल्लं."

अंधार पडायच्या आत त्यांना घरी सोडायचं होतं, पण घरी आता कोणी नव्हतं, म्हणून रुबिना त्यांच्याशेजारी बसून राहिली.