चाकाखालचं पाणी

हसायचं तर आत्ताच हसून घ्या, पोरांनो; नंतर जमायचं नाही. आपला लाईल निएमी, टेकडीवरचा, आपल्या डुलूथ शहरभर बर्फात सायकल हाकणारा. त्याच्यासोबत घडलेलं आहे हे, त्यानं स्वतः मला सांगितलंय.

चौदा जानेवारी, गुरुवार, संध्याकाळचे पावणेआठ. बाहेर उणे चोवीस. वाटाण्याच्या सूपचं भांडं घेऊन लाईल एल्सीकडे गेला. तिचा नवरा व्हर्न, लाईलचा जिवलग दोस्त, जाऊन त्या दिवशी बरोबर वर्ष झालं होतं. उतारावर व्हर्नची सायकल थांबली नाही. खालच्या चौकात ट्रकखाली गेला. "उतावळाच होता मेला," एल्सी सगळ्यांना सांगायची.

खरं कारण एकट्या लाईलला ठाऊक. त्या संध्याकाळी व्हर्न त्याच्याकडे कॉफीला आला होता. व्हर्न सायकल कायम थंडीतच ठेवायचा. लाईलनं मात्र मायेनं, न विचारता, ती शेगडीपाशी आणून ठेवली. बर्फ वितळलं, पाणी ब्रेकच्या तारेत शिरलं आणि बाहेर पडताच गोठलं. हे सांगायला त्याची जीभ रेटेना. मन मात्र खात होतं.

सूप ठेवून वळतो तर काय, एल्सीनं त्याची सायकल आत ओढलेली!

"अगं, राहू दे ती बाहेर..."

"का रे बाबा? व्हर्नचंही तेच खूळ होतं. का, ते कधी सांगितलं नाही."

का ते सांगायचं, म्हणजे सगळंच सांगणं आलं. लाईल खुर्चीत बसला. अर्धा तास कॉफी पीत राहिला.

निघाला तेव्हा वाटलं, पायीच उतरावं. पण एल्सी खिडकीतून हात हलवत होती. तिच्यादेखत सायकल हातात धरून कसा चालणार? बसला.

उतार लागला. ब्रेक दाबला. दांडी हललीच नाही.

मागून करकर... बर्फावर घसरू नये म्हणून खिळे ठोकलेल्या टायरची. जवळ. अगदी शेजारी.

"लाईल... पड."

आवाज व्हर्नचा.

तो कडेच्या बर्फाच्या ढिगात पडला. खालच्या चौकातून ट्रक गेला. मग... काहीच नाही.

लाईल तसाच माघारी फिरला. दारातच रडत बोलला, "तो उतावळा नव्हता गं, एल्सी. सायकल मीच आत घेतली होती. माझ्यामुळे गेला तो."

एल्सी दारातून बाजूला झाली. हातात फरशी पुसायचं फडकं होतं, कोरडंच.

"आत ये," ती म्हणाली. "आधी हे बघ."

भिंतीपाशी, लाईलची सायकल उभी होती तिथं, चाकांच्या जागी पाणी साचलेलं.

सायकल एकच होती, पोरांनो, चाकं दोन. पाण्याची तळी चार.