पांढऱ्या घोडीची काळी कातडी

"त्या घोडीच्या कपाळाकडं बघ," कल्याणी कपिलच्या कानात पुटपुटली. "आणि बोट नको दाखवू."

धाकटा भाऊच तो. नको म्हटल्यावर त्याचं बोट वर जाणारच होतं. कल्याणीनं ते मुठीत पकडलं.

बोरीच्या यात्रेत बैलगाड्यांच्या शर्यती रंगात आल्या होत्या. घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, गाडा सुटला की पुढं घोडी पळते आणि तिच्या मागं बैल जीव तोडून धावतात. नुकत्याच झालेल्या बारीत, म्हणजे फेरीत, पुढं पळालेली पांढरीशुभ्र घोडी आता बाभळीखाली धापा टाकत उभी होती. घोडेस्वारानं तिच्या तोंडावर तांब्याभर पाणी मारलं. केस ओले होऊन चिकटले, खालची काळी कातडी दिसू लागली आणि त्या काळ्यात मधोमध एक गुलाबी पट्टा उमटला. वाकड्या मिरचीसारखा, वर जाड, खाली बारीक आणि शेवटी डावीकडं वळलेला.

"मैना आहे ही," कल्याणी म्हणाली.

मैना म्हणजे त्यांच्या आजोबांची, भागुजींची घोडी. सहा वर्षांपूर्वी पिंपळवंडीच्या गोठ्यातून ती चोरीला गेली. आजोबा त्यानंतर दोन दिवस जेवले नव्हते. कल्याणी तेव्हा सात वर्षांची होती, पण घोडीच्या कपाळावरच्या त्या वाकड्या पट्ट्यावरून ती रोज बोट फिरवायची. डावा मागचा पायही घोट्यापर्यंत पांढरा होता. बाकी मैना काळी कुळकुळीत. अडचण काय ती एवढीच!

"काळी घोडी पांढरी कशी होईल?" कपिलनं विचारलं.

उत्तर आदेशनं दिलं. आदेश त्यांचा शेजारी आणि कल्याणीचा वर्गमित्र. त्याच्या घरचा घोडा सरदार जन्मला तेव्हा जांभळासारखा काळा होता आणि आता पार कापूस झाला होता. सरदार आणि मैना, दोघांचा बाप एकच, वरातीतला एक पांढरा घोडा. कल्याणीची ज्योत्स्ना आत्या जनावरांची डॉक्टर होती. तिनं मागे पोरांना समजावलं होतं, की पांढरं होत जाण्याचा गुण आई किंवा बाप, कुणातरी एकाकडून येतो. तो आला की शिंगरू काळं जन्मो की तांबडं, त्याचे केस वर्षागणिक पांढरे होतात. कातडी मात्र बदलत नाही. जन्मतःच जिथं पांढरा पट्टा असतो, तिथं ती गुलाबी, बाकी सगळीकडं काळी.

तिघं धावत सुटले. मांडवातून आजोबांना हाताला धरून आणेपर्यंत मे महिन्याच्या उन्हानं आपलं काम केलं होतं. घोडी कोरडी ठणठणीत झाली होती आणि नाकाच्या शेंड्यापासून शेपटीपर्यंत नुसती पांढरी दिसत होती.

आजोबांनी डोळे बारीक करून पाहिलं. "पोरी, आपली काळी व्हती," ते हळूच म्हणाले.

तरी कल्याणीनं घोडीच्या मालकाला गाठून ही आमची चोरीला गेलेली मैना आहे, असं सांगितलं. मालक गेणभाऊ चांगला दांडगा गडी होता. गाव विचारलं तर नुसता 'लांबचं' म्हणाला. पुढचं मात्र त्यानं सगळ्यांना ऐकू जाईल असं ठणकावलं, "माझ्या दारात जन्मली ही. जन्मापास्नं दुधावानी पांढरी."

लोक हसले. पंचांचे म्होरके संपतनाना कल्याणीवर चांगलेच तापले. पाहुण्याला भर यात्रेत चोर म्हणतेस, माफी माग, म्हणाले. कल्याणीनं माफी मागितली. त्याहून वाईट म्हणजे आजोबांनीही हात जोडले. ते तिला बघवेना. गेणभाऊनं टेम्पो मागं घ्यायला सांगितला आणि फळी खाली टाकली. घोडी एकदा टेम्पोत चढली की संपलं, कुठल्या गावात शोधायची तिला?

कल्याणी रडकुंडीला आली होती, पण डोकं चालू होतं. आधी ती नानांकडं गेली. पट्टा कसा आहे, कुठला पाय पांढरा आहे, पाणी मारलं की ते कसं दिसेल, सगळं त्यांना सांगून ठेवलं. नानांनी 'बरं बरं' करत तिला वाटेला लावलं. तेवढं पुरेसं होतं. मग तिनं आदेशला खूण केली.

आदेशचा आवाज मुळातच भोंग्याचा. तो फळीजवळ उभा राहून कपिलला म्हणाला, "चुन्यात रंगवलीय रं घोडी. पांढरी घोडी पुढं पळवायला लई मान असतो ना, म्हणून."

माणसं वळली. कुणीतरी दात काढले. गेणभाऊचा चेहरा लाल झाला. "चुना? ये, दावतो तुला चुना," म्हणत त्यानं बैलांसाठी भरून ठेवलेली बादली उचलली आणि स्वतःच्या हातानं घोडीच्या डोक्यावरून उपडी केली.

पाणी खाली आलं ते स्वच्छ, नितळ. "बघा, गळतोय का रंग?" तो छाती काढून म्हणाला.

पाण्याकडं कुणी बघतच नव्हतं. सगळे घोडीच्या कपाळाकडं बघत होते. संपतनाना चष्मा चढवत पुढं आले. वाकडा पट्टा, डावीकडं वळलेला. त्यांनी स्वतः तांब्या घेऊन घोडीचे चारही पाय भिजवले. तीन काळे निघाले. डावा मागचा घोट्यापर्यंत गुलाबी.

"असत्यात अशा खुणा कुठल्याबी घोडीला," गेणभाऊ गुरगुरला.

कल्याणी गेणभाऊसमोर जाऊन उभी राहिली. "काका, जन्मापासून पांढऱ्या घोड्याची कातडी सगळी गुलाबी असते. हिची काळी आहे. म्हणजे ही काळी नाहीतर तांबडी जन्मली, पांढरी नक्कीच नाही. तुमच्या दारात जन्मली असती, तर तुम्हाला हे माहीत असतं."

गेणभाऊची मान खाली गेली. मग त्यानं कबूल केलं. घोडी त्यानं बाजारात एका अनोळखी माणसाकडून घेतली होती. स्वस्तात मिळतेय म्हटल्यावर कुणाची, कुठली हे विचारलंच नव्हतं. नानांनी फळी उचलायला लावली, घोडी इथंच राहील म्हणून सांगितलं आणि पोलीसपाटलांना बोलावणं धाडलं.

मग ते कल्याणीसमोर येऊन उभे राहिले. "मघाशी तुला समद्यांपुढं माफी मागायला लावली," ते म्हणाले. "आता समद्यांपुढं मी मागतो. लई हुशार हाईस पोरी, आन् धीराची बी."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आदेशनं भोंग्यासारखी शिट्टी मारली. कल्याणीला मात्र आजोबांची काळजी वाटत होती, कारण ते अजून जागचे हललेच नव्हते.

शेवटी ते घोडीजवळ गेले. ओल्या पट्ट्यावर त्यांनी तळवा ठेवला. घोडीनं फुरफुर करत तोंड त्यांच्या सदऱ्यात खुपसलं.

"सा वर्सं मी दर बाजारात काळी घोडी हुडकत फिरलो," आजोबा म्हणाले. "किती येळा माझ्या शेजारनं गेली असंल ही. मी वळूनसुदिक बघितलं न्हाई."

पोलीसपाटलांनी सगळ्यांचे जबाब लिहून घेतले आणि घोडी घरी न्यायला सांगितलं, तेव्हा कल्याणीनं कासरा आजोबांच्या हातात दिला, आणि ते चौघं मैनेला घेऊन पिंपळवंडीच्या वाटेला लागले.