फक्त आईच्या लेयरपुरतं

आधीच सांगतो, पटणार नसेल तर पुढे वाचू नका. "सॉफ्टवेअरचा घोळ असेल" असं शहाणपण खाली कमेंटमध्ये येऊन शिकवणारे तर मला मुळीच नकोत. ते सगळं आमच्या वहिनीने करून पाहिलंय.

हो, माझ्या सख्ख्या वहिनीच्या बाबतीत हे घडलंय. आणि रात्री-अपरात्री नाही. गेल्या वर्षी, एका रविवारी, भर दुपारी.

वहिनी फोटो स्टुडिओत एडिटिंग करते. औषधाच्या दुकानावरची खोली, अरुंद जिना, स्क्रीनवरचे रंग नीट दिसावेत म्हणून खिडकीला काळा पडदा. तिचा हात असा सफाईदार, की गिऱ्हाईक फोटो बघून आपण खरंच इतके देखणे आहोत असं समजून घरी जातं. राग मात्र नाकाच्या शेंड्यावर.

रविवारी स्टुडिओ बंद असतो. घरचं काम घेऊन ती एकटीच बसली होती.

तिला एक धाकटी बहीण आहे. ती झाली आणि काही दिवसांतच त्यांची आई गेली. आई आणि धाकटी एकत्र आहेत असा एकही फोटो नाही. नव्या घरात धाकटीने सासरच्या सगळ्यांबरोबर सोफ्यावर बसून फोटो काढला आणि वहिनीकडे पाठवला.

"ताई, माझ्या शेजारी आईला बसव ना. एवढं एकच मागते."

वहिनीने जुन्या फोटोतून आई कापून घेतली आणि धाकटीच्या बाजूला ठेवली. आई पिवळट दिसत होती. जुन्या फोटोंचं तसंच असतं. पिवळेपणा काढायचा, थोडा उजेड द्यायचा, काम झालं.

आता हे नीट समजून घ्या. लेयर म्हणजे एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागद. खालच्या कागदावर घरचे सगळे, वरच्यावर एकटी आई. रंगाचा किंवा उजेडाचा बदल फक्त आईच्या कागदाला बांधून टाकता येतो. मग तो दुसऱ्या कुणाला शिवत नाही. त्याला क्लिप करणं म्हणतात. वहिनी दिवसभर तेच करते.

तिने क्लिप केलं. उजेड वाढवला.

आई उजळली.

आणि… धाकटीही उजळली.

फक्त धाकटी. शेजारचा नवरा जसाच्या तसा. सासू-सासरे जसेच्या तसे. धाकटीच्या खांद्यावर सासूचा हात होता, तोसुद्धा जसाच्या तसा.

वहिनीला वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं. तिने बदल पुसला. पुन्हा केला.

ये रे माझ्या मागल्या.

फाइल बंद करून उघडली. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. नवी फाइल घेतली, आई पुन्हा कापली, बदल तिच्याबाहेर सांडू नये म्हणून तिच्याभोवती हाताने मास्क रंगवला. आईचा पिवळेपणा काढला की धाकटी निळी पडायची. धाकटीला ठीक करायला गेलं की आई पुन्हा पिवळी. नाकी नऊ आणले दोघींनी.

तिने स्टुडिओच्या मालकांना फोन लावला.

"चुकीच्या लेयरला क्लिप केलं असेल," ते जेवता जेवता म्हणाले.

"काका, मला बाराखडी शिकवू नका." तिने फोन ठेवून दिला. डोकं नुसतं भणभणत होतं.

तेवढ्यात धाकटीचाच फोन आला. वहिनीने तो स्पीकरवर टाकला आणि माऊस हातात धरूनच बोलत बसली. धाकटीचं नव्या घराचं पुराण सुरू झालं. वहिनी नुसतं हं हं करत आईचा उजेड कमी करत होती.

"ताई, एकदम अंधारून आलं गं इथे," धाकटी म्हणाली. "थांब, दिवा लावते."

वहिनीने उजेड पूर्ववत केला.

"आता नको. गेलं वाटतं ढग."

वहिनीचा हात थबकला. पण राग माणसाला विचार करू देतो का? तिने ठरवलं, आईला क्षणभर बाजूला करू आणि आधी बाकीचा फोटो तपासू. लेयरपाशी डोळ्याची खूण असते. ती दाबली की तो लेयर लपतो. पुसला जात नाही, नुसता दिसत नाही.

तिने ती दाबली.

आई गेली.

धाकटीही गेली…

तिच्या जागी सोफ्याची पाठ दिसत होती. सोफ्यावरची सुरकुती दिसत होती. धाकटी तिथे बसलेली असताना कॅमेऱ्याला ती दिसणं शक्यच नव्हतं. सासूचा हात तसाच होता… अधांतरी.

आणि फोनवरचं बोलणं थांबलं होतं.

फोन कट झाला नव्हता. पंख्याची घरघर ऐकू येत होती. कुठेतरी नळ चालू होता. फक्त धाकटी नव्हती.

"अगं… ऐकतेयस ना?"

पंखा. नळ.

वहिनीने ती खूण परत दाबली.

"…आणि पडदेसुद्धा मीच शिवले," धाकटीचं वाक्य पुढे सुरू झालं. मध्ये काही झालं हे तिच्या गावीही नव्हतं.

त्यानंतर वहिनीने त्या फाइलला हात लावला नाही. आई जराशी पिवळी, धाकटीही जराशी पिवळी, अशा अवस्थेत तिने फोटो पाठवून दिला.

धाकटी भडकली.

"मला आईच्या रंगाची का केलीस? लोक विचारतात, कावीळ झाली होती का. राहू दे, आईला काढ आणि मला नीट कर."

"नाही काढणार."

"का पण?"

काय सांगणार? सांगितलं असतं तर वेड्यात काढलं असतं. शब्दाने शब्द वाढला आणि बोलणं बंद झालं. वहिनी रडली, चिडली, मग मला म्हणाली, "नसेल बोलत तर नको बोलू दे. आहे ना ती? मग झालं."

हे मी आज लिहितोय, कारण आज सकाळी धाकटीचा मेसेज आला.

'तुझी फाइल तुलाच लखलाभ. इथल्या स्टुडिओवाल्याला फोटो दिलाय. तो म्हणाला, आईला काढणं म्हणजे चुटकीसरशी होणारं काम आहे.'

वहिनी तेव्हापासून फोन लावतेय. दादा गाडी घेऊन तिकडे निघालाय.

रिंग जातेय… कुणी उचलत नाही.

रागावलीय म्हणून उचलत नसेल, असं मी वहिनीला सारखं सांगतोय.