मिरी, फुग्या आणि पडद्यामागचा आवाज

‘फुग्या, तू नापास झाला म्हणून...’ एवढं बोलून पंचफुला पहिल्याच तालमीत अडकली. पुढचं वाक्य गेलं ते गेलंच.

‘...म्हणून मी तुझ्याशी बोलायचं सोडू?’ पडद्यामागून कोणीतरी हळूच म्हणालं.

आवाज इतका जवळून आला की तिच्या कानाला गुदगुल्या झाल्या. वाक्य राहिलं बाजूला, तिने सरळ पडदाच सरकवला. मागे उलट्या डब्यावर एक उंच, सडपातळ तरुण गुडघ्यांवर कागद घेऊन बसला होता आणि चोरी पकडल्यासारखा बघत होता.

‘तुमी कोण जी?’

‘मी... कोणी नाही. प्रॉम्प्टर.’

‘कोणी नाही कसे? चांगले हातपाय दिसून राहिले!’

तो कानापर्यंत लाल झाला. त्याचं नाव घनश्याम. करडी गावचा, याच कॉलेजातून गेल्या वर्षी पास झालेला आणि आता मोहाडीच्या शाळेत मास्तर. नाटक लिहिणाऱ्या-बसवणाऱ्या भय्याजी सरांनी मदतीला बोलावलं आणि हा बापडा सायकल दामटत भंडाऱ्याला आला.

नाटक म्हणाल तर भलतंच होतं. ‘मिरी आणि फुग्या’ ही रविवारच्या पेपरातली चार चौकोनांची चित्रमालिका. दोन उभ्या वेण्यांची मिरी आणि गुबगुबीत गालांचा फुग्या. चौथ्या चौकोनात फुग्या हमखास चिखलात, नाहीतर आजीच्या लोणच्यात पडलेला असायचा. अख्खा जिल्हा त्यांच्यावर हसत लहानाचा मोठा झाला होता. भय्याजी सरांनी काय केलं, तर त्या दोघांना सतरा वर्षांचं केलं. फुग्या मॅट्रिकला नापास, बापाने घराबाहेर काढलेला. मिरीचं लग्न घरच्यांनी परस्पर ठरवत आणलेलं आणि तिने त्यांच्याशी बोलणंच टाकलेलं. शेवटी फुग्या मान खाली घालतो आणि पडदा.

पंचफुलाचे वडील कृष्णराव म्हणजे मिरीचे जुने भक्त. एरवी मुलीला रंगमंचावर चढू दिलं नसतं, पण ‘मिरी व्हायचं न? मंग हो’ म्हणाले. मिरी त्यात रडते हे त्यांना कोणी सांगितलंच नाही.

तर तालमी सुरू झाल्या आणि पंचफुलाची स्मरणशक्ती दिवसेंदिवस ढासळू लागली. एरवी हुशार मुलगी, पण पडद्याजवळ आली की सगळं विसरायची! मग तो आवाज यायचा — हलका, उबदार, फक्त तिच्यासाठी.

‘काल तर पाठ होतं! आज काहून विसरली?’ भय्याजी सर कपाळाला हात लावायचे.

संध्याकाळी ती नदीपलीकडे कारध्याला घरी निघाली की घनश्याम सायकल हातात धरून वैनगंगेच्या पुलापर्यंत सोबत यायचा. वाट त्याची नव्हती, पण त्याने ते कधी कबूल केलं नाही. तिच्याशी बोलायचाही ‘तुमी, तुमी’ करूनच.

‘मास्तर, मिरीचं सगळं तुमाले पाठ आहे. फुग्याचंही आहे. स्वतःचं काही पाठ आहे काय?’

त्याने उगाच सायकलची घंटी वाजवली.

‘रविवारी पवनीचे पाहुणे येऊन राहिले,’ ती म्हणाली. ‘मले पाहायले. बाबा हो म्हणायच्याच बेतात आहेत.’

तो थांबला. तोंड उघडलं... मिटलं. खाली नदी वाहत होती आणि पंचफुला श्वास रोखून उभी होती.

‘थंडी पडली, नाही?’

‘हो! स्वेटर घाला!’ असं म्हणून ती जी तरातरा निघाली, ती मागे न बघता. रडू येत होतं आणि रागही. बाप्पा, दुसऱ्यांची वाक्यं कुजबुजणाऱ्या या माणसाला स्वतःचं एक वाक्य जमू नये?

शनिवारी दुपारी कॉलेजच्या स्नेहसंमेलनात नाटक. मंडप खचाखच भरलेला. मिरीच्या डोळ्यांत पाणी आलं तशी मागून आरोळी उठली, ‘अबे, मिरी रडते कायले? मिरी रडत नसते!’ पुढच्या रांगेत कृष्णरावही अस्वस्थ झाले.

शेवटचा प्रवेश आला. फुग्या झालेला ताराचंद समोर उभा.

‘माझं लगन ठरून राहिलं, फुग्या. तुले काहीच म्हणायचं नाही?’

ताराचंदने मान खाली घातली. आता पडदा पडायचा. पण पंचफुला हलली नाही. ती पडद्याच्या कडेकडे वळली आणि पुन्हा म्हणाली, ‘तुले विचारून राहिली. खरंच काहीच म्हणायचं नाही?’

पडद्यामागे कागद पडल्याचा आवाज झाला. आणि मग शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा आवाज आला —

‘आहे म्हणायचं! नको करू ते लगन! मी येतो तुझ्या बाबाकडे... उद्याच येतो!’

ताराचंद मोठा प्रसंगावधानी. त्याने लगेच मान वर करून त्या आवाजावर नुसते ओठ हलवले. मंडपात शिट्ट्या, टाळ्या, टोप्या उडाल्या! कृष्णराव तर उभे राहून टाळ्या वाजवत होते. ‘मी शोकांतिका लिहिली होती रे!’ असं भय्याजी सर ओरडत होते, पण ऐकतंय कोण?

रविवारी सकाळी घनश्याम खरंच आला. ‘मी मोहाडीचा मास्तर’ एवढं सांगून ओसरीवर बसला. पाणी प्याला, चहा प्याला, पुन्हा पाणी प्याला.

‘काय काम काढलं, मास्तर?’ कृष्णरावांनी विचारलं.

‘यंदा धान... बरा झाला काय?’

‘बरा झाला.’

घनश्यामने रिकामा कप पुन्हा तोंडाला लावला. दाराआड पंचफुलाला राहवेना. ती कुजबुजली, ‘म्हणा — मी पंचफुलाले मागायले आलो!’

ते वडिलांनी ऐकलं, आई चंद्रभागाबाईंनी ऐकलं, अंगणातल्या कोंबडीनेही ऐकलं असावं. घनश्याम ताडकन उठला.

‘काकाजी, आतून आलं ते बरोबर आहे. पण ते मी... माझंच बोलतो. मले पंचफुला आवडते. ती वाक्य विसरली की मले आनंद होते. ती दुसऱ्या घरी गेली, तर मी असाच गप बसून मरीन. मले गप नाही बसायचं आता.’

कृष्णराव खो-खो हसले.

‘काल तो तुमचाच आवाज होता तर! मी म्हटलं, ताराचंद इतका चांगला कधीपासून बोलायले लागला? चंद्रभागा, पवनीचे पाहुणे आले की त्यायले पोहे दे. मी हात जोडून वाटेले लावतो. अन् दाराआड कोण आहे, तिले बाहेर ये म्हण.’

पंचफुला बाहेर आली. मान खाली, पण हसू काही आवरेना.

‘झालं ना, मास्तर? आता बसा,’ कृष्णराव म्हणाले.

‘बसतो. पण थोडं राहिलं,’ घनश्याम म्हणाला. इतके दिवस ‘तुमी, तुमी’ करणारा तो माणूस आईबापासमोर तिच्याकडे वळला. ‘पंचफुला... मले तू आवडते.’