उजव्या मनगटाची पट्टी

"तांते, मला काढलं."

चर्चमधला फोन वाजला तेव्हा नेटा फ्रीसेन ऑर्गनवर इस्टरची गीतं बसवत होती. पलीकडून रोमिओ डेलॉर्म बोलत होता. एल्मवेल एल्क्स या आइस हॉकी संघाचा ट्रेनर. नऊ हंगाम खेळाडूंची मोडकी हाडं सांभाळत आलेला माणूस.

"कुणी काढलं?"

"ब्रॉकसाहेबांनी. म्हणे, आपल्या कर्णधाराच्या, आयझॅकच्या मनगटाची खबर मीच पाइन रिजच्या संघाला पोचवली. बारापर्यंत सामान उचलायचं, मग ते पेपरवाल्यांना सांगणार. एकदा हे छापून आलं की मला कुठला संघ दारात तरी उभा करेल?"

"दिलीस का खबर?"

"नाही, तांते."

"मग रडू नकोस. दहा वाजलेत. आलेच मी."

सदुसष्ट वर्षांची नेटा रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवी आणि सामन्याच्या दिवशी हॉकीच्या बर्फाळ मैदानावर, रिंकवर. सगळं गाव तिला तांते, म्हणजे मावशी म्हणे. दोन्हीकडे तिची बैठक उंचावर असायची. गाणं चालू असताना माणसं कशी वागतात, हे तिच्याइतकं कुणी पाहिलं नव्हतं.

रिंकच्या तिकीट खिडकीवर एक कागद चिकटवलेला होता. 'आयझॅक वीबेचा आजचा स्वाक्षरी कार्यक्रम रद्द. दुखापतीमुळे हात वापरता येत नाही.' खाली सोमवारची तारीख आणि ब्रॉक मॅकअलिस्टरची सही. नेटाने तो एकदा वाचला. चार पावलं पुढे गेली. परत येऊन पुन्हा वाचला.

आत बोळातच ब्रॉक भेटला. संघाचा व्यवस्थापक, इस्त्रीचा कोट, चेहऱ्यावर हसू.

"तांते, रविवारी झकास वाजवलंत!"

"तीन वर्षांनी आलात चर्चला. मला फार बरं वाटलं होतं." ती थांबली. "रोमिओवर आळ का?"

"आळ नाही, हिशोब सरळ आहे. शुक्रवारी आयझॅकचं डावं मनगट तडकलं. ते तिघांनाच ठाऊक. डॉक्टर, आयझॅक, रोमिओ. रोमिओने मुद्दाम उजव्याला जाडजूड पट्टी बांधली. शनिवारी पाइन रिजवाले सामनाभर उजव्यावरच काठ्या हाणत बसले, आणि आपण जिंकलो. मंगळवारी मात्र पहिल्या मिनिटापासून डाव्यावर! डॉक्टर बोलायचे नाहीत. आयझॅक स्वतःचाच हात मोडून घ्यायचा नाही. उरला कोण? जो आधी पाइन रिजलाच कामाला होता तो."

"तुम्हाला कधी कळलं, डावं म्हणून?"

"मंगळवारी, सामना बघताना. माझ्यापासूनसुद्धा लपवलं होतं पठ्ठ्यांनी."

नेटाने मान डोलावली आणि खेळाडूंच्या खोलीकडे वळली.

रोमिओ खोक्यात कात्र्या आणि पट्ट्या भरत होता. शेजारी कर्णधार आयझॅक बसला होता. बाद फेरी संपेपर्यंत दाढी करायची नाही, म्हणून गालांवर जंगल माजलेलं. डावा हात मांडीवर निपचित.

"आयझॅक, कुणाला सांगितलंस?"

"आईलासुद्धा नाही. आज हरलो तर हंगाम संपला, तांते. माझं तोंड शिवलेलं आहे."

"पट्टी कधी सोडलीस?"

"आंघोळीला."

"आणि?"

आयझॅक पायाकडे बघू लागला. त्याच्या दाढीतून लाली दिसली.

"रविवारी," तो पुटपुटला. "चर्चला येताना. रिंकवर सोंग करणं वेगळं. देवाच्या घरात खोटी पट्टी बांधून कसा बसू?"

रोमिओच्या हातातली कात्री खाली पडली. "अरे गाढवा!"

"रागावू नकोस त्याला," नेटा म्हणाली. "गीतपुस्तक उजव्या हातात धरलं होतंस. डावा हात खिशात. ऑर्गनवरच्या माझ्या आरशात दिसलं होतं. मला वाटलं, थंडी वाजतेय. दारात हस्तांदोलन केलंस ना सगळ्यांशी?"

"केलं. उजव्याने. कुणी कुणी तर चांगलाच दाबला."

"म्हणजे दोनशे माणसांनी पाहिलं," रोमिओ म्हणाला. "आता कुणाला धरणार?"

"दोनशेंमधल्या एकाला. प्रशिक्षकांना घेऊन ब्रॉकच्या खोलीत या."

ब्रॉकच्या खुर्चीमागे एक मोठा फोटो होता. आयझॅक वाकून करारावर सही करतोय, बाजूला ब्रॉक हसतोय. प्रशिक्षक स्टॅन हुरको दाराला पाठ लावून उभा राहिला. थोराड, कमी बोलणारा माणूस.

"तांते, सराव थांबवून आलोय. काय ते लवकर."

"दोनच प्रश्न. ब्रॉक, सोमवारी स्वाक्षऱ्यांचा कार्यक्रम का रद्द केलात?"

"हात दुखावलेल्या माणसाला पेन धरायला लावू? लेकरांच्या शंभर टोप्या होत्या."

"कुठला हात?"

"म्हणजे काय? दुखावलेला."

"सोमवारी सगळ्या गावासाठी उजवा दुखावलेला होता. आयझॅक सही कुठल्या हाताने करतो?"

 हुरकोची नजर फोटोवर गेली. फोटोतलं पेन डाव्या हातात होतं.

"त्याचं उजवं मनगट मोडलंय असं मानणाऱ्याने कार्यक्रम रद्द केला नसता," नेटा शांतपणे म्हणाली. "ज्याला डावं ठाऊक होतं, तोच करील. तुम्ही रविवारी ओळखलंत. दारात तुम्ही त्याचा उजवा हात गच्च दाबलात आणि पोरगा हसत राहिला."

"बरं, आला अंदाज! अंदाज येणं गुन्हा आहे?"

"नाही. पण मग आत्ता तासाभरापूर्वी मला का म्हणालात, मंगळवारपर्यंत तिघांशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं म्हणून? चौथे तुम्ही होतात. चौथा मोजला असतात, तर रोमिओवर बोट रोखता आलं नसतं."



"काय देणार होते पाइन रिजवाले?" हुरकोने विचारलं.

ब्रॉकने कोटाचं बटण उघडलं, पुन्हा लावलं. "त्यांच्या संघाचा सगळा कारभार. पुढच्या हंगामापासून. या बर्फाळ खेड्यात मी किती वर्षं तिकीट खिडक्या सांभाळायच्या, स्टॅन?"

"आणि माझा हात?" आयझॅक म्हणाला.

"मी फक्त कुठलं मनगट ते सांगितलं."

हुरकोने टेबलावरचा फोन स्वतःकडे ओढला. "मालकांशी मी बोलतो. तू सामान घेऊन निघ."

ब्रॉक दारापाशी पोचला तेव्हा नेटा उठली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"रविवारी तुम्ही आलात म्हणून मी शेवटचं गीत एक कडवं वाढवून वाजवलं, ब्रॉक. ते कडवं मी परत घेत नाही. चौथा बाक रिकामाच असतो. या."

तो कोट सावरत निघून गेला.

बाराला दहा मिनिटं कमी होती. रोमिओने खोकं उपडं केलं आणि कात्र्या जागच्या जागी लावल्या. मग गुडघ्यांवर बसून त्याने आयझॅकचं डावं मनगट हातात घेतलं.

"उजव्यालाही बांधू?"

"नको. आता सगळं त्यांना ठाऊकच आहे."

रोमिओ हसला. त्या दिवसातलं ते पहिलं हसू.

संध्याकाळी एल्क्स बर्फावर उतरले तेव्हा वर ऑर्गनपाशी नेटाने चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. वीस खेळाडू. विसांच्याही डाव्या मनगटावर पांढरी पट्टी. आणि खेळाडूंच्या बाकामागे उभ्या असलेल्या रोमिओच्याही.

तिने रविवारचंच गीत धरलं, वाढवलेल्या कडव्यासकट.